काल रात्री कुठे झोपलात

ब्राइला, १४ सप्टेंबर २००५

प्रिय मावशी,

काल आजीचं घर उघडून आले. तासभर खिडक्या उघड्या ठेवल्या, जिरेनियमला पाणी घातलं, नळ वाहू दिला. आजीच्या पलंगावर वर्षश्राद्धापर्यंत कुणी बसायचं नाही असं तू सांगितलं होतंस, ते मी पाळते आहे, फक्त जूनमध्ये पडदे काढताना एकदा गुडघा टेकला होता, ते तुला सांगायचं राहून गेलं होतं.

वर्ष झालं की मी बाबांकडून निघून तिथे राहायला जावं, असं तू लिहिलंस. इथे मी बैठकीच्या खोलीत झोपते आणि बाबांच्या नव्या बायकोला, लेनुत्साआईंना, सकाळी टीव्ही लावायचा असतो, त्यामुळे सोय होईल हे खरं आहे. पण मला आधी दुसरं काही सांगायचं आहे.

मी बुधवारी अग्लायाबाईंच्या मंडळात जाते. आजीच्याच जिन्याखाली, कपडे वाळवायच्या जुन्या खोलीत आम्ही बसतो. पोस्टातली मारिओआरा असते, विजेचे मीटर वाचणारा एक गृहस्थ असतो, इस्पितळातली एक नर्स असते. कुणाचं पेन्शन परत गेलं, कुणाचा मीटर थांबला, कुणाच्या खिडकीतले पडदे दिसेनासे झाले, हे प्रत्येकजण सांगतो. मग घर जायच्या आधी आम्ही जाऊन दार वाजवतो. वहीत आकडे नाहीत, नावं आहेत. आत्ता सतरा नावं आहेत.

अग्लायाबाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "घर आहे का, असं कुणाला विचारायचं नाही. लाजेपोटी माणूस राजवाडा आहे म्हणून सांगेल. काल रात्री कुठे झोपलात, ते विचार. रात्र खोटी सांगायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात कळतं."

अकरावं नाव तुदोसेकाकांचं आहे. गोदीत वेल्डर होते, वय अडुसष्ट. ते भाड्याने राहतात ते, सरकारने कधीकाळी घेतलेलं घर आता मूळ मालकाच्या नातवंडांना परत मिळालं आहे. नातवंडं वाईट नाहीत, पण भाडेकरूंनी ऑक्टोबरअखेर निघायचं आहे. काका तिथे चाळीस वर्षं राहिले. त्यांच्या सोफिकाकाकू त्याच खोलीत गेल्या.

वर्षश्राद्धाला आजीच्या नावाने काय काय द्यायचं ते कळव, म्हणजे मी तयारीला लागेन.

तुझी,
स्मरांदा


पादोवा, रविवार, २५ सप्टेंबर

लाडके स्मरांदा,

तुझ्या पत्रात सात ठिकाणी पूर्णविराम हवा होता, तिथे तू स्वल्पविराम देऊन पळाली आहेस. शाळेत जायच्या आधी दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तुला शिकवलं, ते याचसाठी का? वाक्य संपलं की थांबायचं, श्वास घ्यायचा.

आईच्या नावाने सगळं दे. अंथरूण घातलेला पलंग, रजई, टेबल, खुर्ची, दिवा, दोन ताटल्या, पाण्याची बादली. इथे कुणाला दिलं की तिकडे तिला मिळेल. पलंगाच्या दांडीला मेणबत्ती लाव, पाद्रीबाबांना प्रार्थना म्हणू दे, आणि घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते', देव तिला क्षमा करो, असं मोठ्याने म्हटलं पाहिजे. तो शब्द उच्चारल्याशिवाय तिला काही पोचत नाही. मान हलवणारे पुष्कळ असतात, त्यांना देऊ नकोस. आणि दिलेलं परत मागायचं नाही, नाहीतर ती तिकडे जमिनीवर झोपेल. तुझ्या वेल्डरला दे हवं तर.

पण घर नाही. तू काय विचारणार आहेस ते मला तुझ्या स्वल्पविरामांवरून कळलं. ते घर तुझं आहे आणि माझं. इथे माझी खोली स्वयंपाकघराला लागून आहे, छान आहे, पण ती सिन्योरा एर्सिलियाच्या श्वासावर उभी आहे. बाई एक्क्याण्णव वर्षांची. त्या डोळे मिटतील त्या दिवशी मलाही बाहेर पडायचं आहे. इथल्या आम्हा सगळ्या बायकांचं असंच असतं. तोवर बाई रोज सुके आलुबुखार मोजतात आणि एक कमी भरला की माझ्याकडे बघतात. खाल्लेला त्यांनीच असतो.

सगळ्या गावाची आई होऊ नकोस.

तुझी मावशी,
लिओंतिना


ब्राइला, ५ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पूर्णविराम देते आहे. बघ.

तुदोसेकाकांना पलंगाचं सांगितलं. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "पोरी, पलंग घेईन गं, पण ठेवू कुठे? नदीवर?"

मला हे आधी सुचायला हवं होतं. ज्याला भिंती नाहीत त्याला पलंग देणं ही थट्टाच झाली. मंडळाने तीन ठिकाणी विचारलं, वसंताच्या आत कुठेच खोली नाही. तेव्हा मला असं वाटतं, की पलंग जिथे आहे तिथेच त्यांना द्यावा. तिसऱ्या मजल्यावर, आजीच्या खोलीत. मी बाबांकडे राहू शकते, मला सवय आहे.

विधी सोळाला आहे. तू रविवारी पत्र दिलंस तर मिनीबसवाला कोस्तिका मंगळवारी, अकराला, इथे आणून देईल. नाही म्हटलंस तर मी नाही करणार.

स्मरांदा


ब्राइला, १९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

मी एक गोष्ट केली आहे, ती जशी झाली तशी सांगते.

अकराला मिनीबस आली नाही. सीमेवर गाडीचा अ‍ॅक्सल मोडला म्हणे. मी बारा, तेरा, चौदा, रोज स्टेडियममागच्या मैदानावर जाऊन आले. पंधराला मी ठरवलं, की तू नाही म्हणाली असतीस तर कसंही करून निरोप पाठवला असतास. हे मी स्वतःच्या सोयीचं ठरवलं हे आता मला दिसतं.

सोळाला सगळं रीतीप्रमाणे झालं. शिजवलेल्या गव्हाची कोलिवा चांगली जमली, वर साखरेचा क्रूस थोडा वाकडा झाला. पाद्रीबाबा तीन जिने चढून आले आणि दारात आधी पाणी मागितलं. मी दांडीला मेणबत्ती लावली. तुदोसेकाका दाढी करून, काळा कोट घालून आले होते. ते पलंगासमोर उभे राहिले आणि इतक्या मोठ्याने 'बोगदाप्रोस्ते' म्हणाले, की समोरच्या बाई दार उघडून बघायला आल्या. मग ते पलंगाच्या कडेवर अगदी हळू बसले, पलंग दुखावेल असे.

तुझं पत्र काल आलं. त्यात तू लिहिलं आहेस, "पलंग दे, पण त्याच्यासाठी जागा दुसरी शोध. घर नको देऊस, स्मरांदा. सिन्योराच्या हृदयाचं काही खरं नाही, डॉक्टर दोनदा येऊन गेले. या हिवाळ्यात मला यावं लागेल."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तू सांग, मी त्यांना जाऊन सांगते. चूक माझी आहे, त्यांची नाही. मी काय करू?

स्मरांदा


पादोवा, रविवार, ३० ऑक्टोबर

लाडके स्मरांदा,

दिलं ते दिलं. मेणबत्ती लागली, शब्द म्हटला गेला, आता त्या माणसाला उठवलं तर माझी आई जमिनीवर येईल. तू त्याला काही सांगायचं नाही. मला वचन दे, नुसतं मनात नको, लिहून दे.

आठवडाभर मी रागावले होते, ते लपवत नाही. मग सिन्योरा उठून बसल्या, सूप मागितलं आणि आलुबुखार मोजले. अशा बायका शंभरी गाठतात. तेव्हा माझी काळजी नको. आई असती तर तिनेही हेच केलं असतं आणि मग तीन दिवस तक्रार केली असती.

तुझ्या वेल्डरला सांग, खिडकीची डावी कडी वर उचलून मग ओढायची.

पाच स्वल्पविराम. सुधारणा आहे.

मावशी


ब्राइला, १४ डिसेंबर

प्रिय मावशी,

वचन देते. हे आधीच्या पत्रात लिहिलं होतं, पण ते पत्र कोस्तिकाच्या गाडीत भिजलं म्हणून पुन्हा लिहिते.

तुदोसेकाकांनी खिडकीची कडी वितळवून नवी केली. जिन्याचा कठडा दुरुस्त केला. आता चौथ्या मजल्यावरच्या बाई त्यांना 'आमचे काका' म्हणतात. आजीच्या फोटोसमोर ते रोज टोपी काढतात.

पण मला वाईटही सांगायचं आहे. वहीतलं बारावं नाव देस्पिनाबाईंचं होतं. त्यांना एका सोमवारी इस्पितळातून घरी सोडलं. आमची नर्स रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या मुलीने विचारलं, "घर आहे ना आजी?" त्या म्हणाल्या, "आहे की." घर उन्हाळ्यातच भाच्याने विकलं होतं. त्या चार दिवस बाजारामागच्या एका जिन्याखाली होत्या. शुक्रवारी आम्हाला कळलं, शुक्रवारीच गेलो, तोवर झालं होतं. पायात इस्पितळाच्या सपाता होत्या.

अग्लायाबाईंनी वहीतलं नाव खोडलं नाही. पुढे लिहिलं, चार दिवस उशीर. मग मला म्हणाल्या, "रडायचं असेल तर बुधवार सोडून रड." मी गुरुवारी रडले.

तू कशी आहेस? महिनाभर पत्र नाही.

स्मरांदा


पादोवा, २९ जानेवारी २००६

स्मरांदा,

पेन्सिलने लिहिते आहे, पेन हरवलं. कागद औषधाच्या दुकानातला आहे, मागच्या बाजूला गोळ्यांची जाहिरात आहे, ती वाचू नकोस.

सिन्योराचं आता काही मागणं नाही. शांत आहेत. मी बरीच हिंडते, दिवसभर मोकळी हवा. त्यांच्यासाठी इस्पितळात बसावं लागतं, तिथलं गरम चांगलं असतं. मी मोल्दोवाच्या नादेज्दाबरोबर असते कधीकधी, भली बाई आहे.

आईची लोकरीची शाल आणि जाड मोजे कोस्तिकाबरोबर पाठव. पाकिटावर फक्त नाव घाल. मी रविवारी पहाटेच इथल्या गाड्यांच्या मैदानावर असते, चुकामूक होणार नाही.

देस्पिनाबाईंचं वाचलं. सपातांचं लिहायला नको होतंस.

मावशी


ब्राइला, ८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शाल आणि मोजे सोबत आहेत. मोज्यांच्या आत आजीची काकणाएवढी जुनी उशी आहे, सुया टोचायची, ती चुकून नाही, मुद्दाम ठेवली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी मोजलं. मागच्या पत्रात मी अकरा ठिकाणी स्वल्पविराम दिले होते. तू एकही दाखवला नाहीस. मला वाटलं, तू घरावरून अजून रागावली आहेस. आठवडाभर मी त्याच रागाला उत्तर लिहीत होते आणि फाडत होते.

आज बुधवार. मी ते पत्र अग्लायाबाईंना दाखवलं, तुझा राग कसा काढावा हे विचारायला. त्यांनी ते एकदाच वाचलं, उलटं करून गोळ्यांची जाहिरात बघितली, आणि मला विचारलं, "हिचा पत्ता काय?"

मी पत्ता सांगू शकले नाही. पाच वर्षं तुझी पत्रं कोस्तिकाच्या हातून येतात आणि पाकिटावर नाव असतं. मी कधी पत्ता विचारलाच नाही. सतरा माणसांना मी जो प्रश्न विचारला तो तुला विचारला नाही.

मावशी, काल रात्री कुठे झोपलीस?

स्मरांदा


पादोवा, रविवार, १२ फेब्रुवारी

स्मरांदा,

तुझी अग्लायाबाई नको तितकी हुशार आहे.

सिन्योरा अकरा जानेवारीला गेल्या, दुपारी, माझा हात धरून. तेराला दफन झालं. चौदाला मुलगा कुलूपवाल्याला घेऊन आला. वाईट वागला नाही, माझ्या दोन पिशव्या त्याने स्वतः खाली आणून दिल्या आणि आईकडे लक्ष दिल्याबद्दल आभार मानले. मला वाटलं, आठ दिवसांत दुसरी म्हातारी मिळेल. बावन्न वर्षांची आहे आणि खोकते आहे, तर मला कोण ठेवणार?

नऊ दिवस नादेज्दाने तिच्या म्हाताऱ्याच्या तळघरात लपवलं. मग त्याच्या मुलीला कळलं, नादेज्दाचं काम जायची पाळी आली, म्हणून मी निघाले. तेव्हापासून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात बाकावर बसते. तिथे रात्रभर कुणी ना कुणी कुणाची तरी वाट बघत असतं, मी त्यांच्यातली होते. युक्ती सांगते, दुसऱ्याचा वाटेल असा कोट मांडीवर घ्यायचा. लोकांना वाटतं, आत ज्याचा कोट आहे तो येईल. मी सिन्योराचा जुना कोट घेतला आहे. काल रात्री तिथेच होते. झोप अशी नाही, पण गरम असतं.

तुझ्या बाबांच्या दारात, म्हणजे लेनुत्साआईंच्या, मी उभी राहणार नाही. आणि तुदोसेला सांगायचं नाही. वचन तू लिहून दिलं आहेस, माझ्याकडे ते पत्र आहे, कोटाच्या खिशात.

तुला वाटेल हे तुझ्यामुळे झालं. नाही. तुझ्यामुळे एक माणूस आत झोपतो. मला लिहिता आलं नाही हे माझ्यामुळे झालं. शिकवणारीला उत्तर येत नाही हे सांगणं फार अवघड असतं.

मावशी


ब्राइला, २२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मी वचन मोडलेलं नाही. तुदोसेकाकांना मी काही सांगितलं नाही. मी त्यांच्यासमोर बसून रडले, तेवढंच. ते म्हणाले, "घराची मालकीण कुठे आहे ते सांगू नकोस. मी सांगतो. बाहेर आहे."

पंधराला बुधवारी जिन्यातले सगळे शेजारी वाळवायच्या खोलीत जमले. अग्लायाबाईंनी विचारलं, इथे कपडे कोण वाळवतं? कुणीच नाही. मग इथे माणूस का राहू नये? पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, आज एक आला तर उद्या दहा येतील. चौथ्या मजल्यावरच्या बाई त्यांना म्हणाल्या, "तुमचा कठडा कुणी बसवला? मग दहा येऊ देत, लिफ्टही बसवतील." सगळ्यांनी सह्या केल्या, त्यांनीही केली, पण सगळ्यात लहान अक्षरात. नळ होताच. काकांनी शेगडी बसवली, खिडकीला काच लावली. मंडळ आता बुधवारी अग्लायाबाईंच्या स्वयंपाकघरात बसतं.

काल काका पिशवी घेऊन खाली राहायला गेले. आजीचा पलंग वरच आहे. त्यांनी स्वतः दांडीला मेणबत्ती लावली आणि तुला सांगायला सांगितलं, ते म्हणाले तसंच लिहिते. "हा पलंग मी माझ्या सोफिकाच्या नावाने लिओंतिनाबाईंना देतो. म्हणजे आईकडून काही काढून घेतलं नाही. आईला पोचलं ते पोचलं. आता सोफिकाला मिळू दे."

मी पाद्रीबाबांना विचारलं, असं चालतं का. ते म्हणाले, घेणाऱ्याने शब्द म्हटला तर चालतं.

तेव्हा मावशी, तुला तो शब्द मोठ्याने म्हणायचा आहे. कोस्तिकाकडे हे पत्र आहे आणि परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा तुझ्या नावाने आहे. रविवारी बैस. मंगळवारी तू घरी असशील.

या पत्रात मी सगळे पूर्णविराम तपासले आहेत.

स्मरांदा


पादोवा, रविवार, २६ फेब्रुवारी

बाई स्मरांदा,

आपली ओळख नाही. मी नादेज्दा. तुमची मावशी मैदानावर नव्हती म्हणून कोस्तिकाने पत्र माझ्याकडे दिलं.

त्या गुरुवारी बाकावरून पडल्या. बाक इस्पितळाचाच असल्यामुळे लगेच आत नेलं. न्यूमोनिया आहे. बऱ्या बिछान्यावर आहेत, पायथ्याशी नावाची पाटी आहे. नर्सने पत्ता विचारला तेव्हा मला वाटलं आता काय सांगणार. त्यांनी ब्राइलाचा सांगितला, रस्ता, इमारत, जिना, तिसरा मजला, सकाळीच तिथून निघाल्यासारखा.

दुपारी मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग तो शब्द म्हणाल्या. मोठ्याने जमलं नाही, पण मी ऐकला, शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही ऐकला. आणि तुम्हाला निरोप दिला आहे, 'मंडळ आता' या वाक्यात एक स्वल्पविराम हवा होता, तो तुम्ही भीतीने गाळलात.

बऱ्या झाल्या की मी गाडीत बसवून देते. मला लवकर निघायला हवं, माझा म्हातारा दोन दिवस जेवलेला नाही.

नादेज्दा


ब्राइला, १५ मार्च

प्रिय नादेज्दाताई,

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी पोचलं. इस्पितळाचा फोन सकाळीच येऊन गेला होता. म्हणून मी ते उलट्या क्रमाने वाचलं, आधी शेवट कळला आणि मग ती बिछान्यावर बरी होती हे कळलं.

तुम्ही मैदानावरच्या बायकांनी मिळून गाडीची सोय केलीत. मावशी आठ तारखेला, बुधवारी, आली. तुदोसेकाका आणि जिन्यातल्या पुरुषांनी तिला तीन मजले वर आणलं. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ पुढून धरायला होते. आमच्याकडे दफनाआधी माणूस आपल्या घरी असावा लागतो, तुमच्याकडेही तसंच असेल. बुधवारची आणि गुरुवारची रात्र ती घरी होती. शुक्रवारी सकाळी अग्लायाबाईंनी वही आणली, मावशीचं नाव लिहिलं, आणि पुढे काही लिहिण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं, काल रात्री घरी झोपली. मग त्याखाली, त्रेपन्न दिवस उशीर. चौदा जानेवारीपासून मीच मोजले होते.

कोटाच्या खिशात माझं वचनाचं पत्र सापडलं. तिने त्यातले स्वल्पविराम पेन्सिलने दुरुस्त केले होते.

मी आता त्या घरात राहते, स्वयंपाकघरात गादी टाकून. तुदोसेकाका वर यायला तयार नाहीत. दिलेलं परत घ्यायचं नाही म्हणतात. पलंग रिकामा आहे, माझा नाही. आठ एप्रिलला मावशीचा चाळिसावा दिवस आहे. त्या दिवशी तिच्या नावाने पलंग द्यायचा आहे, आणि तो असेल तिथेच.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, म्हातारा दोन दिवस जेवलेला नाही. मावशीच्या पत्रात अशी ओळ आली होती तेव्हा मी वाचून पुढे गेले होते. तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आहेत.

कोस्तिका रविवारी मैदानावर असेल. उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल, पेन्सिलने, कुठल्याही कागदावर.

नादेज्दाताई, काल रात्री कुठे झोपलात?

स्मरांदा